मोटेच्या बैलांनी उचललेलं इंजिन

लग्नानंतर पाच वर्षांनी हे घरी राहायला आले, आणि महिनाभरात आमचं अख्खं अंगण एका व्हॅनच्या इंजिनानं भरून गेलं. आठ दिवस मला सारवता आलं नाही. हे म्हणजे माझे यजमान. नाव घ्यायची पद्धत नव्हती, आणि आता या वयात कशाला सुरू करू.

साठ सालच्या आगेमागची गोष्ट. पुण्याजवळच्या भुकूमला आमचं घर पौड रस्त्याला लागून होतं. घरात मी आणि मामंजी, दोनच माणसं. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. आणि हे खडकीला, लष्कराच्या डेपोत कच्च्या नोकरीवर. महिन्यातून एखाद्या रविवारी येत आणि सोमवारी तोंड उजाडायच्या आत जात. माझं माहेर मुठ्याचं, जवळच्याच गावचं. तिथल्या बाया मला विचारत, नवरा कसा आहे गं तुझा? मी म्हणे, पाहुणा म्हणून फार चांगला आहे.

लग्नानंतर लगेचच हे खडकीला गेले ते मामंजींशी भांडून. मामंजींचं म्हणणं, जमीन आहे, विहीर आहे, बैल आहेत, ते सांभाळ. ह्यांना यंत्रांचं वेड. लहानपणी रस्त्यावर मोटार बंद पडली की हे शाळा सोडून तिच्याभोवती. शेवटी एकदा मामंजी म्हणाले, ‘‘एवढं यंत्राचं याड हाय तर यंत्रापाशीच ऱ्हा.’’ हे उठले ते तडक खडकीला. तेव्हापासून बाप-लेकांचं बोलणं बंद. म्हणजे बोलत, पण माझ्यामार्फत. दोघे एका ओळीत जेवायला बसलेले असत आणि मामंजी मला म्हणत, ‘‘त्येला म्हनावं, अजून एक भाकर घे.’’ हे हातभर अंतरावर. तरी मी आपली टपालासारखी निरोप पोचवायची. सुरुवातीला हसू यायचं, नंतर संताप यायचा, आणि नंतर सवय झाली.

आता खरी मेख सांगते. हे यंत्रं शिकायला गेले खरे, पण ह्यांचं अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं. ते पाहून साहेबानं ह्यांना वर्कशॉपऐवजी स्टोअरमध्ये बसवलं. पाच वर्षं ह्यांनी नट, बोल्ट, स्प्रिंगा आणि वायसर मोजून दिले. वस्तू हातात घेतली की नंबर तोंडपाठ. कोणत्या फडताळाच्या कितव्या कप्प्यात, तेही पाठ. ती इंजिनात कुठे बसते, एवढंच काय ते माहीत नाही. गाडी तेवढी चालवायला शिकले, डेपोतल्या ड्रायव्हरांची मर्जी सांभाळून. वर्कशॉपात घ्या म्हणून ह्यांनी चार वेळा अर्ज केला. चारही वेळा साहेब अर्जाच्या अक्षरावर खूश झाला आणि त्यानं ह्यांना तिथंच ठेवलं.

हे सगळं मला ह्यांनी स्वतः सांगितलं. कच्ची नोकरी संपून घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी, शेताच्या बांधावर बसून, आधी हसत आणि मग न हसता. गावात मात्र ह्यांची ख्याती झाली होती, इंजिनं उघडणारा माणूस म्हणून. एवढ्या भांडणानंतर बापाच्या गावात कुठल्या तोंडानं सांगणार, की मी तिथं वायसर मोजत होतो? मी म्हटलं, नका सांगू. माझ्या पोटात ते तसंच राहिलं.

पण लोक कुठे गप्प बसतात. कुणी शिवणयंत्र आणलं, कुणी गॅसबत्ती, एकानं तर घड्याळ आणलं. शिवणयंत्राला नुसतं तेल हवं होतं. गॅसबत्तीत मेलेला किडा निघाला. घड्याळ ह्यांनी दोन दिवस उशाशी ठेवलं आणि ते आपलं आपण चालू झालं. ह्यांचं नाव आणखी वाढलं, आणि माझी झोप कमी झाली.

पौडच्या बाजारात एका मुसलमान गृहस्थांचं किराणा दुकान होतं. सगळे त्यांना चाचा म्हणत. लष्करानं मोडीत काढलेली एक जुनी विलायती व्हॅन त्यांनी घेतली होती. सकाळी गावोगावचं दूध घेऊन ती पुण्याला जायची आणि परतताना दुकानाचा माल आणायची. त्यांच्या ड्रायव्हरनं एकदा चढावर ती पाण्यावाचून तापवली आणि तापलेल्या इंजिनात ओढ्याचं गार पाणी ओतलं. इंजिनाला चीर गेली ती बोट घालता येईल अशी. ड्रायव्हर चावी दुकानाच्या पायरीवर ठेवून जो गेला तो पुन्हा दिसला नाही.

चाचांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून त्याच जातीचं दुसरं इंजिन मिळवलं, बैलगाडीत घातलं, मागे ती व्हॅन दोरानं बांधली, आणि सगळी वरात आमच्या दारात आणून उभी केली. ह्यांना म्हणाले, ‘‘हे बसवून दे. गाडी चालती झाली तर उद्यापासनं ड्रायव्हर पन तूच आनि मिस्त्री पन तूच. न्हाई झाली तर पुन्याला धाडतो. तितलं वर्कशॉप सोताचा ड्रायव्हर द्यायला तयार हाय.’’

हे मला आत येऊन म्हणाले, ‘‘खडकीचं बोलावनं हाय, पक्क्या नोकरीचं. पुढच्या सोमवारपत्तुर हो की न्हाई सांगायचं. गाडी जमली तर हितंच ऱ्हातो. न्हाई जमली तर जातो. मग हितं तोंड दाखवायला जागा न्हाई.’’

मी तवा पुसत होते. पक्की नोकरी म्हणजे साठाव्या वर्षापर्यंत खडकी. सहा जणांत एक खोली, बायकांना मज्जाव. म्हणजे मी पुन्हा भुकूमला, मामंजींच्या जेवणाला आणि शेताला, आणि हे पुन्हा महिन्यातून एका रविवारी. मला ते नको होतं. स्पष्ट सांगते, मला नवरा घरी हवा होता, मग तो काळ्या तेलानं माखलेला का असेना. मी म्हटलं, ‘‘उघडा ते इंजिन.’’

आणि मग ह्यांनी उघडलं ते स्टोअरकीपरसारखं. खरा मिस्त्री नट काढतो आणि डब्यात टाकतो. ह्यांनी आधी माझ्याकडून रांगोळी मागून घेतली. सारवलेल्या अंगणात व्हॅनच्या नाकाचं भलंमोठं चित्र काढलं आणि तिथून जे निघेल ते चित्रात त्याच जागी मांडायला सुरुवात केली. उजवीकडचा बोल्ट उजवीकडे, त्याचा वायसर त्याच्या शेजारी. बारीकसारीक होतं ते माझ्या भांड्यांत. दोन परातींत स्क्रू, वाट्यांत स्प्रिंगा, कढईत कसलीशी चिकट साखळी. प्रत्येक भांड्याखाली चिठ्ठी, मोत्याच्या दाण्यासारख्या अक्षरात. स्वयंपाकाला माझ्याजवळ एक पातेलं आणि तवा उरला. शेजारणी विचारायला येत, कुठल्या सणाची रांगोळी गं ही? मी हातात काठी घेऊन कोंबड्या हाकत बसायची. एक कोंबडी स्प्रिंग गिळायच्या बेतात होती. तिला वाचवलं असं म्हणता येणार नाही, पण स्प्रिंग वाचवली.

मामंजी ओसरीवर बसून सगळं बघत. सहाव्या दिवशी सगळे बोल्ट निघाले, पाणी गार करायची जाळी निघाली, वरचं झाकण निघालं आणि इंजिन नुसतं आपल्या वजनानं बसून राहिलं. आता ते उचलायचं कसं? चार गडी भिडले, जागचं हललं नाही. पुण्याला ओझं उचलायची साखळीची यारी मिळते म्हणाले, पण ती आणणार कोण आणि सोमवार तर परवावर आला.

मामंजी उठून माझ्याजवळ आले. ‘‘त्येला म्हनावं, मोटंचं चाक आंब्याला टांगतो. बैल आनतो.’’

हे गाडीवर ओणवे होऊन उभे. मी निरोप दिला. हे म्हणाले, ‘‘त्येंना म्हनावं, आना.’’

आता मोट कुणाच्या पाहण्यात नाही, म्हणून सांगते. विहिरीतून पाणी काढायची ती मोठी कातडी पिशवी. तिचा दोर विहिरीवरच्या चाकावरून येऊन बैलांच्या जुवाला बांधलेला. बैल उताराने पुढे गेले की मोट भरून वर येते आणि पाटात रिकामी होते. मग बैल पाठ न वळवता मागे सरकतात आणि मोट पुन्हा खाली जाते. दिवसभर हेच. मामंजी पुढे जाताना गात आणि मोट रिकामी झाली की गप्प होत. बैलांना तेच ठाऊक. गाणं चालू आहे तोवर ओढायचं, गाणं थांबलं की मागे यायचं. आसूड म्हणून त्यांच्या पाठीला कधी लागला नाही. आणि आवाज फक्त मामंजींचाच चाले. मी एकदा हाक मारून पाहिली, तर दोघांनी कानही हलवला नाही.

आमचं अंगण आंब्यापासून रस्त्याकडे उतरतंच. फांदीला चाक बांधलं, दोर इंजिनाला अडकवला, बैल जुंपले. मामंजींनी डोक्याचं मुंडासं नीट केलं आणि गाणं धरलं. बैल पुढे निघाले आणि ते चिरलेलं इंजिन विहिरीतल्या मोटेसारखं अलगद वर आलं. गड्यांनी व्हॅन मागे ढकलली. मामंजी गप्प झाले. बैल मागे सरकले आणि इंजिन गवतावर टेकलं. सगळं मिळून दोन चिलमी ओढण्याइतकाही वेळ लागला नाही. चाचा म्हणाले, पुण्याचे वर्कशॉपवाले उगाच एवढाली लोखंडं घेऊन बसलेत. मामंजींच्या मिशा जरा वर गेल्या.

इथंच आम्ही सगळे फसलो. वर काढायला बैल उत्तम. पण नवं इंजिन बसवायचं म्हणजे ते अधांतरी धरून ठेवायचं आणि बोटबोटभर खाली सोडायचं. गिअरबॉक्सची एक दांडी असते, ती इंजिनाच्या मागच्या भोकात बरोबर शिरावी लागते. आणि मोटेच्या बैलांना बोटभर म्हणजे काय ते माहीत नाही. त्यांच्या हिशेबी मोट एक तर वर असते, नाही तर खाली. हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, कारण आमच्या सगळ्यांच्या हिशेबीही मोट तशीच होती.

नवं इंजिन वर गेलं. व्हॅन पुढे ढकलून त्याच्या खाली आणली. हे व्हॅनच्या खाली शिरले, उताणे झोपले आणि वर दोन्ही हात घालून दांडी चाचपू लागले. इंजिन ह्यांच्या छातीवर हातभर उंचीवर लोंबत होतं. बैल अंगणाच्या टोकाला ओढ धरून उभे. आणि मामंजी गात होते, कारण थांबायची सोयच नव्हती. एरवीचं गाणं पंधरावीस दमांचं. ते संपलं, पुन्हा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं. गाणं जरा सावकाश केलं की बैल अर्धं पाऊल मागे येतात आणि इंजिन थोडं उतरतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. तसं ते एका हातानं जू धरून, आवाज लांबवत, तसूतसूनं इंजिन सोडू लागले.

दांडी काही शिरेना. ह्यांचा घाम मला वरून दिसत होता. चाचा वाकून म्हणाले, ‘‘अरं, घाबरतुयास काय? फौजेच्या वर्कशॉपात शंभरदा केलं असशील.’’

चांगल्या मनानं म्हणाले बिचारे. पण ह्यांच्या आत इतके दिवस जे कोंडलं होतं ते त्या एका वाक्यानं फुटलं. खालून ह्यांचा आवाज आला, ‘‘एकदा बी न्हाई केलं, चाचा. मी वर्कशॉपात नव्हतोच. पाच वर्सं स्टोअरात बसून बोल्ट मोजले. मला ह्यातलं काय बी येत न्हाई.’’

आणि मामंजींचं गाणं थांबलं.

बैलांनी त्यांचं काम केलं. गाणं थांबलं, म्हणून मागे आले. इंजिन वीतभर सरकन खाली उतरलं. मामंजींनी दोन्ही हातांनी जू कवटाळलं आणि पहिला जो शब्द तोंडात आला तो सुरावर ओढला. तो शब्द होता ‘‘ठावं’’. बैल थबकले. इंजिन ह्यांच्या छातीपासून चार बोटांवर थांबलं. बैलांनी पुन्हा ओढ धरली आणि मामंजींना आता गातच राहावं लागणार होतं. नेहमीचं गाणं त्यांना आठवत नव्हतं. म्हणून त्यांच्या मनात जे होतं तेच ते गाऊ लागले.

ठावं हाय मला, लेका, ठावं हाय रं,
धर माज्या वाघा, ओढ धर रं.
खडकीच्या तारंपाशी हुबा व्हतो मी,
खिळंमोळं मोजताना पाह्यला तुला मी.
धर माज्या वाघा, ओढ धर रं,
दांडी नीट बघ, लेका, घाई नको रं.

चाचांनी मान दुसरीकडे वळवली. मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. मामंजी खडकीला गेले होते, डेपोच्या तारेच्या कुंपणापाशी उभे राहिले होते. कधी, कसे, मला पत्ता नाही. एकदा पहाटे ते बैल बघायला म्हणून बाहेर पडले होते आणि दिवेलागणीला पाय सुजवून आले होते. बैल काही आणले नव्हते. एवढंच मला आठवलं.

मग खालून ह्यांचा आवाज आला, ओला, पण सरळ बापाला. ‘‘आबा, बोटभर सोडा.’’

‘‘घे रं, बोटभर घे,’’ मामंजींनी सुरातच उत्तर दिलं आणि आवाज लांबवला.

‘‘अजून जरा.’’

‘‘घे रं माज्या लेका, जरा घे.’’

पाच वर्षांत मी मध्ये नसताना झालेलं ते पहिलं बोलणं, आणि तेही अर्धं बैलांशी. मग ह्यांनी मला हाक मारली. म्हणाले, इंजिनाच्या तोंडाशी पंखा आहे, तो हातानं पाव फेरा फिरव. मी पदर खोचला आणि फिरवला. भोकाच्या खाचा आणि दांडीचे दात एका ओळीत यावे लागतात, हे ह्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते दोन्ही भाग स्टोअरच्या एकाच कप्प्यात शेजारी ठेवलेले असत आणि रिकामपणी हे ते एकमेकांत घालून बघत बसत. तेवढं ह्यांच्या हातांना आठवलं. आतून खट्ट असा आवाज आला. मामंजींनी आणखी दोन ओळी गायल्या आणि इंजिन आपल्या जागेवर बसलं. मग त्यांनी पाण्याचा तांब्या मागितला आणि ते खाली बसले. बैल मागे आले. दोर सैल पडला.

हे काही लगेच बाहेर आले नाहीत. गडी म्हणाले, बोल्ट आवळतोय. मी वाकून पाहिलं होतं, हे डोळे पुसत होते. मी म्हटलं, हो, बोल्टच आवळतायत.

उरलेला शनिवार आणि अख्खा रविवार रांगोळीतून एकेक वस्तू उचलायची आणि आपल्या जागी बसवायची, एवढंच काम राहिलं. शेवटचा वायसर उचलला तेव्हा अंगणात नुसतं चित्र उरलं. चाचा म्हणाले, ‘‘मिस्त्र्याकडं दोन-चार नट उरत्यात दर वेळंला. तुज्याकडं एक बी न्हाई?’’ हे म्हणाले, उरले असते तर पाच वर्षं डेपोत टिकलो नसतो. सोमवारी सकाळी हँडल मारलं. पाच-सहा झटक्यांनंतर व्हॅननं एवढा काळा धूर सोडला की माझं वाळत घातलेलं लुगडं पुन्हा धुवावं लागलं, आणि मग ती सुरू झाली. हे दुधाच्या घागरी भरून, खडकीला नाही म्हणून सांगून येतो असं मामंजींनाच सांगून पुण्याच्या वाटेला लागले.

मी अंगण सारवायला घेतलं. मामंजी मोटेचं चाक पुन्हा विहिरीवर चढवत होते. सुनेनं सासऱ्याला असं विचारायची रीत नव्हती, पण मला राहवलं नाही. मी म्हटलं, ‘‘मामंजी, तेवढं दहा-बारा मैल चालून खडकीला गेलात. तारंपाशी हुबं ऱ्हायलात. मग हाक का न्हाई मारली?’’

मामंजींनी चाकाची खीळ ठोकून बसवली आणि ते फिरवून पाहिलं. ‘‘पोरगं कामात व्हतं,’’ ते म्हणाले. ‘‘मान खाली घालून मोजत व्हतं. हाक मारली आस्ती तर त्येचा हिशेब चुकला आस्ता.’’

मग त्यांनी बैल जुंपले. मी हात धुतले आणि भाकऱ्या टाकायला आत गेले. त्या दिवशी दुपारी जेवायला माझा माणूस घरी येणार होता.